'लाट' 2014 ची नव्हे

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत निवडणूक आली की एक ठाम विधान फिरतं: जुन्या बातम्यांत लाट असायची ती उन्हाची नाहीतर थंडीची, राजकारणातली लाट ही 2014 ची, टीव्हीवाल्यांची देणगी.

साफ चूक. 1971 ची इंदिरा लाट, 1977 ची जनता लाट, 1984 ची सहानुभूतीची लाट, हे सगळं टीव्हीच्या गलबल्याआधीचं, छापील वर्तमानपत्रांतलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या माणसांना तरी हे सांगावं लागू नये. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि डिसेंबरात इथल्या राजघराण्यातल्या, काँग्रेसच्या माधवराव शिंद्यांनी इथेच अटलबिहारी वाजपेयींना पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी पाडलं. सगळं श्रेय लाटेला देणं मात्र मला पटत नाही. माधवरावांनी गुना मतदारसंघ सोडून इथला अर्ज भरला तो अगदी मुदत संपता संपता. वाजपेयींना दुसरा मतदारसंघ धरायला वेळच उरला नाही. शिवाय शिंद्यांच्या वाड्याचा मान होताच.

उन्हाच्या लाटेला निदान माप आहे. मैदानी भागात पारा 40 च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश जास्त, किंवा थेट 45, तेव्हा हवामान खातं ती मानतं. संपांची लाट, चोऱ्यांची लाट वगैरे बातमीदाराच्या मर्जीवर. राजकीय लाटेचंही तेच: 1971 मध्ये इंदिरा लाट असताना ग्वाल्हेरने जनसंघाच्या वाजपेयींना निवडून दिलं, आणि 1977 मध्ये जनता लाटेत शेजारच्या गुन्यातून माधवराव अपक्ष म्हणून आले.