बालसंरक्षणातील कुटुंबकार्य (गोवा)

मूल धोक्यात असल्याची खबर मिळाल्यावर त्याच्या घरी जाऊन, घरच्यांना विश्वासात घेऊन आणि मुलाच्या सुरक्षिततेकडे काणाडोळा न करता कुटुंबाला सावरण्याचे व्यावसायिक समाजकार्य. भारतात हे काम मुख्यतः 2015 च्या बाल न्याय अधिनियमाखाली चालते. संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, ही तत्त्वे कायद्यातच आहेत. त्यामुळे आईबापांशी बोलता येणे हे केसवर्करचे, म्हणजे प्रकरण हाताळणाऱ्या समाजकार्यकर्त्याचे, पहिले कौशल्य ठरते.

गोव्यात या कामाला वेदनादायक पूर्वपीठिका आहे. मडगावात अनाथाश्रमाच्या आडून मुलांचे लैंगिक शोषण करणाऱ्या फ्रेडी पीट्सला 1991 मध्ये अटक झाली आणि 1996 मध्ये शिक्षा झाली. पुढे 2003 मध्ये राज्याने स्वतःचा बाल कायदा केला. त्यातून बाल न्यायालय आले, आणि कुटुंबीय वा नातेवाइकांसोबत नोंद नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश देण्यास बंदी आली.

घरभेटीत पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. आपण कोण, कोणी पाठवले, काय होऊ शकते, हे केसवर्करने सरळ सांगावे. ‘काही होणार नाही, नुसती चौकशी आहे’ ही थाप त्या दिवसापुरती उपयोगी पडते, मग दार कायमचे बंद होते. मुलालाही ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द देता येत नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाशी बोलताना उत्तर सुचवणारे प्रश्न टाळावेत. ‘मग काय झाले?’ एवढे पुरते. तोच प्रसंग प्रत्येक अधिकाऱ्यासमोर पुन्हा वदवून घेणे हा मुलावर नवा अन्याय होय.

झुआरीनगर, मोतीडोंगर, चिंबल अशा वस्त्यांत कर्नाटक, ओडिशा, झारखंडहून आलेली अनेक कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. केसवर्करला कोकणी, मराठी, हिंदी येते, पण आई कन्नड किंवा लमाणी बोलते. अशा वेळी शाळेत जाणारे मूलच दुभाषा केले जाते. हे कटाक्षाने टाळले पाहिजे, कारण आईची तक्रार किंवा बापाचे व्यसन मुलाच्याच तोंडून वदवले जाते. शेजारणीलाही दुभाषी करू नये. गुप्तता तिथेच संपते.

गरिबी आणि हेळसांड यांतला फरक ओळखणे हे मूल्यमापनातले सर्वांत अवघड काम. पर्यटन हंगामात आई दिवसभर किनाऱ्यावर माळा विकते आणि थोरली बहीण शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. हे चित्र काळजीचे खरे, पण मूल उचलून नेण्याचे नव्हे. इथे अंगणवाडी किंवा पाळणाघराची सोय आणि शाळेशी बोलणे उपयोगी पडते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली पात्र कुटुंबाला मुलामागे दरमहा 4000 रुपये प्रायोजकत्व, म्हणजे संगोपनासाठी आर्थिक मदत, मिळू शकते. उलट, नीटनेटके घर आणि गोड बोलणारे पालक पाहून केसवर्कर निश्चिंत झाला, तर मार खाणारे मूल नजरेतून सुटते. म्हणून मुलाला एकटे भेटणे, अंगणवाडी सेविका आणि शिक्षकांना विचारणे आवश्यक. काळजीचे मुद्दे, कुटुंबाची ताकद आणि पुढे काय घडायला हवे, हे तिन्ही एकत्र लिहिण्याची पद्धत 1990 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात अँड्र्यू टर्नेल आणि स्टीव्ह एडवर्ड्स यांनी बसवली.

संरक्षणासाठी ताब्यात घेतलेल्या मुलाला, अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीसमोर 24 तासांत हजर करावे लागते. मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी मांडणाऱ्या सामाजिक तपास अहवालाला 15 दिवसांची मुदत आहे. अहवालात पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतःचे मत वेगवेगळे लिहावे. ‘आई बेफिकीर’ हे मत. ‘तीन भेटींत चूल पेटलेली नव्हती’ हे निरीक्षण.

आराखडा कुटुंबासोबत बसून ठरवावा आणि आजी, मामा यांनाही बोलवावे. पाठपुरावा मात्र इथे हंगामाशी बांधलेला असतो. काम संपले की पावसाळ्यापूर्वी बिऱ्हाड गावी हलते. गावाचा पत्ता आणि नातेवाइकाचा फोन पहिल्याच भेटीत घेतलेला असेल, तरच त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडे प्रकरण वेळेत सोपवता येते.