कृष्णकमळाचा चहा पिण्याआधी हे वाचा

कृष्णकमळाचं फूल बघितलंच असेल, गोल पसरलेले जांभळे तंतू, त्यावर पाच पुंकेसर आणि सगळ्यात वर तीन स्त्रीकेसर. याच कुळातला एक वेल मन शांत करायला आणि झोपेसाठी वापरतात, पण कुठलाही नाही बरं का, फक्त पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा! या गटात 500 च्या वर जाती आहेत, आणि शोभेसाठी लावतात तो निळा बऱ्याचदा पॅसिफ्लोरा सेरुलिया असतो, त्याच्या पानांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, त्यामुळे कुंडीतली पानं तोडून उकळायची नाहीत म्हणजे नाहीत. इन्कार्नाटाच्या पानाला तीन भाग असतात, सेरुलियाच्या पानाला बहुतेक पाच, पण नुसत्या पानावर जाऊ नका, पाकिटावर पूर्ण शास्त्रीय नाव असेल तरच घ्या.

इन्कार्नाटा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, तिथले चेरोकी लोक त्याची फळं खायचे, मुळं औषधाला वापरायचे. आता वाळवलेली पानं, फुलं, देठ वापरतात. आपल्या मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, ते चेतापेशींची धावपळ कमी करतं, आणि या वनस्पतीचा अर्क त्याच यंत्रणेवर काम करत असावा असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांवरून वाटतं, नेमका कुठला घटक हे मात्र अजून पक्कं झालेलं नाही.

माणसांवरचे अभ्यास आहेत, पण लहान. 2001 मध्ये इराणमध्ये 36 पेशंटवर चार आठवडे अर्काचे थेंब आणि ऑक्झाझेपाम ही चिंतेवरची गोळी यांची तुलना झाली, चिंता दोन्हीकडे कमी झाली, गोळीचा असर लवकर आला पण कामात अडचणीही गोळीवाल्यांनाच जास्त आल्या. 2011 मध्ये 41 जणांनी आठवडाभर हा चहा घेतला तर झोप थोडी बरी वाटली असं त्यांनी रोजच्या नोंदीत लिहिलं. थोडी बरी, एवढंच! एवढ्यावरून चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं मला अजिबात पटत नाही.

युरोपियन मेडिसिन्स एजन्सीसुद्धा याला फक्त पारंपरिक वापराच्या आधारावर मान्यता देते. त्यांचं प्रमाण एक ते दोन ग्रॅम वाळलेला पाला, 150 मिली उकळत्या पाण्यात. बारा वर्षांखालच्या मुलांना नाही, गरोदरपणात नाही, झोपेच्या गोळ्या किंवा दारूबरोबर तर नाहीच, कारण गुंगी वाढते. घेतल्यावर गाडी चालवू नका. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर पाला वाढवत बसू नका, डॉक्टरकडे जा.