मेडिकल कॉलेजात पीआरओ व्हायला डॉक्टर असावं लागतं?

करिअरच्या फॉरवर्डमध्ये वर्षानुवर्षं एक ओळ फिरते: ‘मेडिकल कॉलेजचा जनसंपर्क अधिकारी (पीआरओ) एमबीबीएस, निदान सायन्सवाला तरी लागतो.’ समज होणं साहजिक आहे, कारण बातम्यांत पेशंटच्या प्रकृतीबद्दल बोलताना डॉक्टरच दिसतात.

पण बोलणारा वेगळा, मजकूर तयार करणारा वेगळा. पीआरओ विभागप्रमुखांकडून माहिती घेतो, सोप्या मराठीत प्रेसनोट लिहितो, ती त्यांच्याकडून तपासून घेतो आणि अधिष्ठात्यांच्या (कॉलेजच्या डीनच्या) मंजुरीनंतरच पाठवतो. घाईत तपासणी राहिली की घोटाळा होतो. ‘कार्डिॲक अरेस्ट’चं भाषांतर ‘हार्ट अटॅक’ असं छापून येतं. प्रत्यक्षात अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो, अरेस्टमध्ये हृदयाचं काम अचानक थांबतं. हा फरक कळायला पदवी लागत नाही, विचारायची सवय लागते. (आणि पेशंटचं नाव किंवा फोटो लेखी संमतीशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही. बातमीदार कितीही ओळखीचा असो.)

खात्री करायची तर या पदाच्या दोन-तीन जाहिराती काढा आणि पगाराआधी ‘शैक्षणिक अर्हता’ वाचा. तिथे साधारणपणे पत्रकारिता किंवा जनसंपर्काची पदवी-पदविका, मराठी-इंग्रजी लेखन, अनुभव असं असतं. डॉक्टरच हवा असेल तर वैद्यकीय परिषदेची नोंदणी मागितलेली दिसेल. ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पेशंट आणि नातेवाइकांना मदत करणारं पद मात्र वेगळं. तिथे साधारणपणे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी लागते. दोन्हींची गल्लत करून अर्ज भरला तर तो छाननीतच बाद होतो.