रेक्टिफायर नलिका, गिटार-ॲम्प्लिफायरमधील

मुख्य ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारी निर्वात नलिका. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या बोलीत ती ‘रेक्टिफायर व्हॉल्व्ह’ म्हणून ओळखली जाते. सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर, म्हणजे साधारणपणे १९६० च्या दशकापासून, बहुतेक उपकरणांतून ती मागे पडली. गिटार-ॲम्प्लिफायरमध्ये मात्र ती टिकून आहे आणि झिजली की बदलावी लागते. बदली नलिका निवडताना उत्पादकाच्या नावाला फार महत्त्व दिले जाते. नलिकेच्या मर्यादा आणि मंडलाची (सर्किटची) मागणी यांचा मेळ बसतो की नाही, यावर तिचे आयुष्य त्याहून अधिक अवलंबून असते.

उगम : तापलेल्या तंतूपासून (फिलामेंटपासून) निर्वातात एकाच दिशेने प्रवाह वाहतो हे टॉमस एडिसन यांच्या लक्षात आले होते आणि त्यावर आधारित एकस्व (पेटंट) त्यांना १८८४ मध्ये मिळाले. जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ च्या नोव्हेंबरात आपल्या ‘झडपे’चे एकस्व मागितले, म्हणून शोधाचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. जर्मनीत आर्टुर वेनेल्ट यांनी त्याच सुमारास, काहींच्या मते थोडे आधीच, ऑक्साइडचा लेप दिलेला ऋणाग्र (कॅथोड) वापरून अशीच नलिका सिद्ध केली होती. फ्लेमिंग यांना बिनतारी संदेशांचे क्षीण तरंग टिपायचे होते. वीजपुरवठ्यासाठी लागणारा मोठा प्रवाह तुलनेने कमी तापमानाला मिळू लागला तो ऑक्साइडच्या लेपामुळे, आणि गिटार-ॲम्प्लिफायरमध्ये येणाऱ्या जवळजवळ सर्व नलिकांचे ऋणाग्र याच जातीचे असतात. त्यामुळे या विशिष्ट उपयोगापुरता वेनेल्ट यांचा वाटा अधिक मानणे सयुक्तिक दिसते. फ्लेमिंग यांचे अमेरिकी एकस्व तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये अवैध ठरवले. मात्र तो निर्णय एकस्वाच्या मसुद्यातील कायदेशीर दोषांवर बेतलेला असल्याने अग्रक्रमाच्या वादाचा निकाल म्हणून तो वाचता येत नाही.

प्रमुख प्रकार : १९२७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘८०’ या नलिकेची आठ पिनांच्या बैठकीवर बसवलेली आवृत्ती म्हणजे ५वाय३. तिचा तंतू ५ व्होल्टला २ अँपिअर घेतो, कमाल उत्पादन १२५ मिलिअँपिअर असते आणि तेवढ्या प्रवाहाला नलिकेतच सुमारे ५० व्होल्ट खर्ची पडतात. फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील ‘डीलक्स’ या लहान ॲम्प्लिफायरमध्ये तीच होती. ५यू४जीबी २७५ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देते, पण तिच्या तंतूला ३ अँपिअर लागतात. फिलिप्स समूहाने १९५० च्या दशकाच्या मध्यास प्रचारात आणलेली जीझेड३४, अमेरिकी नावाने ५एआर४, तंतूसाठी केवळ १.९ अँपिअर घेऊन २५० मिलिअँपिअर देते आणि तिच्यातील घट अवघी १७ व्होल्टच्या आसपास राहते. फेंडर ‘बासमन’च्या अखेरच्या टप्प्यातील आराखड्यात, व्हॉक्स एसी३० मध्ये आणि मार्शल जेटीएम४५ मध्ये ती आढळते. नऊ पिनांची, ६.३ व्होल्टची ईझेड८१ ही लहान ब्रिटिश ॲम्प्लिफायरमध्ये येते. तिची बैठकच वेगळी असल्याने ती वरील नलिकांच्या जागी बसत नाही.

दाबातील घसरण : जोराने तार छेडल्यावर पुरवठ्याचा दाब (व्होल्टेज) क्षणभर खाली येतो, स्वराचा आरंभ दबतो आणि मग तो फुलत जातो. या परिणामाचे श्रेय रेक्टिफायर नलिकेला देण्याची प्रथा आहे. चाइल्ड (१९११) आणि लँगम्यूर (१९१३) यांच्या नियमानुसार नलिकेतील प्रवाह दाबाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तरी घट दुप्पट होत नाही. शिवाय गाळणीचे (फिल्टरचे) पहिले धारित्र (कपॅसिटर) प्रत्येक अर्धचक्राच्या माथ्यावरच भरत असल्याने नलिकेतून जाणारा शिखर-प्रवाह सरासरीच्या कितीतरी पट असतो, आणि खरी घट या शिखर-प्रवाहावरच ठरते. दुसऱ्या मतानुसार ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांचा रोध आणि पहिल्या धारित्राची क्षमता यांचा वाटा नलिकेइतकाच, कधी अधिकही असतो. मोजमापांकडे पाहता हे दुसरे मत ग्राह्य वाटते. विशेषतः ‘डीलक्स’सारख्या, ऋणाग्रातील रोधकावर बायस (शक्ति-नलिकेचा स्थिर प्रवाह ठरवणारा दाब) ठरणाऱ्या मंडलात वादनाच्या जोरानुसार एकूण प्रवाह फारसा बदलत नाही, तेव्हा घसरणही माफकच राहते. केवळ ‘घसरण हवी’ म्हणून नलिकेचा प्रकार बदलणे म्हणूनच फारसे फलदायी नाही, आणि अनेकदा धोक्याचे आहे.

निवडीचे निकष : ५वाय३, ५यू४ आणि जीझेड३४ यांचा तंतू २ व ८ क्रमांकाच्या पिनांवर आणि दोन धनाग्रे (ॲनोड) ४ व ६ वर असल्याने कोणतीही नलिका कोणत्याही जागी सहज बसते, आणि बहुतेक चुका येथूनच होतात. ५वाय३ च्या जागी जीझेड३४ बसवली तर पुरवठ्याचा दाब तीस-चाळीस व्होल्टने चढू शकतो. मग शक्ति-नलिका (स्पीकर चालवणाऱ्या अखेरच्या नलिका) आणि जुनी धारित्रे आपल्या मर्यादेबाहेर जातात. जीझेड३४ च्या जागी ५यू४ बसवल्यास ट्रान्सफॉर्मरच्या ५ व्होल्टच्या गुंडाळीवर १.९ ऐवजी ३ अँपिअरचा भार पडतो, आणि ती गुंडाळी तेवढ्यासाठी बनवलेली नसेल तर महागडा ट्रान्सफॉर्मर जळतो.

दुसरी मर्यादा पहिल्या धारित्राची. जीझेड३४ साठी ती ६० मायक्रोफॅरड आहे. ५वाय३ ची त्याहून बरीच कमी आहे. मूळ ‘डीलक्स’मध्ये १६ मायक्रोफॅरडचे धारित्र होते. दुरुस्तीच्या वेळी गुणगुण कमी व्हावी म्हणून तेथे ४७ किंवा १०० चे बसवले जाते, आणि नंतर एकामागून एक निकामी होणाऱ्या नलिकांचा दोष उत्पादकाच्या माथी मारला जातो. जुने धारित्र आतून शॉर्ट झालेले असेल तर नवी नलिकाही पहिल्या प्रयत्नातच जाते. म्हणून बदलीपूर्वी धारित्र तपासणे आवश्यक आहे. हे काम जाणकारानेच करावे, कारण बंद केलेल्या ॲम्प्लिफायरच्या धारित्रांतही ४०० व्होल्टहून अधिक प्राणघातक दाब शिल्लक राहू शकतो.

काचेवर छापलेले नाव नलिकेची जात सांगेलच असे नाही. रशियात बनलेल्या आणि ५वाय३ म्हणून विकल्या गेलेल्या काही नलिका प्रत्यक्षात ‘५त्स४एस’ या जातीच्या आहेत. त्यांचा ऋणाग्र अप्रत्यक्ष तापतो आणि घट कमी असते, त्यामुळे दाब अपेक्षेपेक्षा वर जातो. मुलार्ड हे नाव पूर्वी इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्याशी निगडित होते. आज त्याच नावाच्या नव्या नलिका रशियातील सारातोव्ह येथे तयार होतात. स्लोव्हाकियातील जेजे कंपनीही जीझेड३४ बनवते. नवी नलिका बसवल्यावर शक्ति-नलिकांच्या धनाग्रावरील दाब मोजणे आणि गरजेप्रमाणे बायस पुन्हा लावणे, हीच नावापेक्षा खात्रीची कसोटी होय.

जुन्या, न वापरलेल्या नलिका घेताना काचेच्या आतील चंदेरी लेप उजेडात पाहावा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे आणि नलिका निरुपयोगी आहे. हलक्या हाताने कलती करून आत सुटे कण फिरतात का, तेही पाहावे. दोन्ही धनाग्रांचे उत्सर्जन जवळपास सारखे असावे. असमान असल्यास गुणगुण वाढते. मात्र सामान्य परीक्षण-यंत्र कमी दाबावर चालत असल्याने प्रत्यक्ष ४०० व्होल्टला ठिणगी पडेल की नाही हे त्यावरून कळत नाही.

संरक्षण : प्रत्येक धनाग्राशी १एन४००७ जातीचे सिलिकॉन डायोड एकसरीत (सिरीजमध्ये) जोडले, तर नलिका आतून शॉर्ट झाली तरी प्रत्यावर्ती दाब धारित्रांपर्यंत पोहोचत नाही, दाब मोठा असेल तर प्रत्येक बाजूस एकाहून अधिक डायोड लागतात. फ्यूज ठरलेल्या मूल्याचाच असावा. स्टँडबाय कळ (तंतू तापत ठेवून उच्च दाब तोडणारी) रेक्टिफायर आणि पहिले धारित्र यांच्या मध्ये असल्यास, तापलेल्या नलिकेवर रिकाम्या धारित्राचा भार एकाएकी येतो आणि ठिणगी पडण्याचा संभव वाढतो. जीझेड३४ सावकाश तापत असल्याने तेथे ही कळ वापरण्याचे कारणही फारसे उरत नाही. अमेरिकी बाजारासाठी बनलेले जुने ॲम्प्लिफायर भारतात २३० व्होल्टवर चालवताना दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर वापरावा लागतो. त्याचा प्रत्यक्ष दाब भार जोडूनच मोजावा आणि ५ व्होल्टच्या तंतूवर तो साडेचार ते साडेपाच व्होल्टच्या बाहेर जात नाही, हे नलिका बसवल्यानंतर तपासावे.