पांढरा डाग पुन्हा घासण्याआधी
(संगमरवरी बाथरूम असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

"लिंबू चोळलं, व्हिनेगर लावलं, सोडाही टाकून झाला, पण पांढरा डाग जात नाही. उलट वाढलाय." असा फोन आला की आम्ही आधी एकच विचारतो: डाग टाइलवर आहे की संगमरवरावर? बहुतेकदा संगमरवरच निघतो.

घरगुती साहित्याला आमचा विरोध नाही. आम्ही स्वतः व्हिनेगर, लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा यांवरच काम करतो. पण 'नैसर्गिक आहे, मग काय होतंय' हा हिशेब इथे चुकतो. नळाभोवती साचणारा पांढरा थर म्हणजे जड पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आणि संगमरवर? तोही कॅल्शियम कार्बोनेटच. साध्या व्हिनेगरमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास ॲसेटिक ॲसिड असतं. ते नळावरचा थर विरघळवतं, तसंच खालचा दगडही.

एका घरी बेसिनच्या ओट्यावर अगदी गोल, पांढुरकं कडं उमटलं होतं. नळ घासून झाल्यावर लिंबाची अर्धी फोड रात्रभर तिथेच उपडी राहिली होती. बाईंना वाटलं, क्षार बसले. मग त्यांनी आठवडाभर रोज त्यावर लिंबू चोळलं. आम्ही पोचलो तेव्हा कडं जाऊन बशीएवढा निस्तेज पट्टा झाला होता. तिथे डाग नव्हताच, दगडाचं पॉलिश उडालं होतं. जे काढायला त्या बसल्या होत्या तेच त्या रोज नव्याने करत होत्या. साध्या साफसफाईला गेलेली आमची माणसं मग खरखरीत पॅडपासून बारीक पॅडपर्यंत दगड घासत बसली, आणि पुढच्या घरची वेळ हुकली ती हुकलीच.

म्हणून हात लावण्याआधी त्या जागेवरून नख फिरवा. नख अडखळलं, वर काहीतरी बसल्यासारखं लागलं, तर क्षार. नख सरळ गेलं, पण मोबाइलची बॅटरी तिरकी धरल्यावर तेवढीच जागा मंद दिसली, तर पॉलिश गेलंय. तिथे स्वयंपाकघरातलं काहीही चालणार नाही. दगड कोणता हेच माहीत नसेल, तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले की लगेच पुसून घ्या आणि बाटली बाहेर ठेवा.

संगमरवराला कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात. नंतर कोरड्या फडक्याने पुसणं मात्र टाळू नका. पाणी वाळलं की क्षार मागे राहतात, सगळं तिथूनच सुरू होतं. संगमरवरावर बसवलेल्या नळाला व्हिनेगरचं फडकं गुंडाळू नका, ते खाली ठिबकतं. शॉवर आम्ही खोलून बादलीत भिजवतो. "एवढा वेळ कशाला?" असं काही जण विचारतात. याच ठिबकण्यामुळे.

सिरॅमिक टाइलवर व्हिनेगर बिनधास्त वापरा. फक्त सिमेंटचे सांधे आधी साध्या पाण्याने भिजवा, म्हणजे ते ॲसिड कमी पितात, आणि शेवटी भरपूर पाणी ओता.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाटलीत भरून ठेवण्याची युक्ती बरेच जण सांगतात. फेस छान येतो, पण त्या फेसात दोघंही एकमेकांना संपवतात. उरतं ते जवळजवळ खारं पाणी. झाकण घट्ट असेल तर बाटली फुगते ती वेगळीच. सोड्याने घासा, धुवा, मग हवं तर व्हिनेगर घ्या.

आणि ब्लीच वापरलेल्या जागी व्हिनेगर किंवा लिंबू अजिबात नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

पॉलिश उडालंच असेल तर ते आम्ही परत आणून देतो, पण ते वेगळं काम आहे. नेहमीच्या साफसफाईच्या वेळेत बसत नाही. तेव्हा वेळ ठरवण्याआधी तिरक्या उजेडात काढलेला एक फोटो पाठवा आणि आतापर्यंत काय काय लावलं ते न संकोचता सांगा. आम्ही येईपर्यंत ती जागा कोरडी राहू द्या.