चोवीस तासांच्या कॅनमागचा वाद

इंदूरला रामबागेतल्या एखाद्या घरी डॉक्टरांनी ‘चोवीस तासांची लघवी’ सांगितली, की न्हाणीघराच्या कोपऱ्यात पॅथॉलॉजीचा कॅन येऊन बसतो. या तपासणीमागे ऐंशी वर्षं रेंगाळलेला एक वाद आहे: किडनी रक्त गाळते, की ग्रंथीसारखी लघवी पाझरते?

किडनीतले बारीक कण माल्पिगीने 1666 मध्येच पाहिले होते. ते केशवाहिन्यांचे गुंते आहेत आणि त्यांच्याभोवतीची पिशवी पुढच्या नळीलाच जोडलेली आहे, हे बोमनने 1842 मध्ये दाखवलं. त्याच वर्षी जर्मनीत लुडविगने मांडलं, की रक्ताच्या दाबाने इथे पाणी गाळलं जातं, प्रथिनं मागे राहतात आणि पुढे नळी बरंचसं पाणी परत शोषते. ‘ग्रंथी’ची बाजू घेणाऱ्या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हायडेनहाइनला हे पटेना. दिवसभराचा युरिया नुसता गाळून काढायचा तर कित्येक बादल्या पाणी गाळावं लागेल! हिशेब चुकला नव्हता. फक्त किडनी खरोखर तेवढं गाळते. दोन्ही मिळून मिनिटाला सुमारे 125 मिलीलिटर, म्हणजे दिवसाला 180 लिटर. त्यातलं दीडेक लिटर बाहेर पडतं, बाकी रक्तात परत.

निकाल लागला बेडकावर. 1924 मध्ये अमेरिकेत वर्न आणि रिचर्ड्स यांनी जिवंत बेडकाच्या किडनीतल्या त्या पिशवीत केसासारखी काचनळी घालून थेंब ओढला. त्यात प्रथिन नव्हतं, साखर होती. मूत्राशयातल्या लघवीत ती नव्हती. वाटेत नळीने परत घेतली होती.

मग गाळण मोजायची कशी? जे गाळलं जातं पण परत घेतलं जात नाही, ते धरून. 1926 मध्ये डेन्मार्कच्या रेबर्गने त्यासाठी क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा एक टाकाऊ पदार्थ) निवडलं आणि ते स्वतः पिऊन पाहिलं. (नळी थोडं क्रिएटिनिन आपणहूनही सोडते, त्यामुळे आकडा जरा वरच येतो.)

कॅनमध्ये 1440 मिलीलिटर जमली, म्हणजे मिनिटाला 1. लघवीत क्रिएटिनिन डेसिलिटरला 100 मिलिग्रॅम आणि रक्तात 1, म्हणजे लघवीच्या एका मिलीलिटरमध्ये रक्ताच्या 100 मिलीलिटरमधलं क्रिएटिनिन आलं, तर गाळण मिनिटाला 100 मिलीलिटर. सकाळी सातची पहिली लघवी टाकून द्यायची, कारण ती रात्रीची असते; त्यानंतरची प्रत्येक घ्यायची, दुसऱ्या दिवशी सातचीही. घोटाळा होतो तो मधेच. छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे खायला गेलेला माणूस तिकडेच एकदा जाऊन येतो आणि घरी सांगत नाही. 240 मिलीलिटर गेली, की 100 चे 83 होतात.