दोन ठोक्यांमधलं अंतर

१९८७ साली अमेरिकेत रॉबर्ट क्लायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. प्रत्येकाचा ईसीजी होल्टर यंत्राने चोवीस तास टिपलेला होता. पुढे सरासरी ३१ महिने या रुग्णांचा पाठपुरावा झाला. ज्यांच्या ठोक्यांमधलं अंतर फारसं बदलत नव्हतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका भरपूर चढउतार असलेल्यांच्या ५.३ पट निघाला. म्हणजे अगदी एका लयीत चालणारं हृदय ही चांगली बातमी नव्हती.

नाडी मिनिटाला ६० असली, तरी प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडत नाही. एक ९६० मिलिसेकंदांनी येतो, पुढचा १०३५, त्यापुढचा ९९०. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. कार्ल लुडविग यांनी हे १८४७ मध्येच नोंदवलं होतं. या चढउताराला संशोधक हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही म्हणतात.

तो येतो कुठून? हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं, तर ते मिनिटाला साधारण १०० च्या आसपास धडधडेल. विश्रांतीत त्याला आवरून धरते ती मेंदूकडून येणारी व्हेगस नस. तिचा हुकूम पुढच्या एक-दोन ठोक्यांतच पाळला जातो. उलट, धावपळीत वेग वाढवणाऱ्या सिंपथेटिक यंत्रणेचा परिणाम दिसायला काही सेकंद जातात. त्यामुळे लागोपाठच्या ठोक्यांमधले झटपट फरक प्रामुख्याने व्हेगसचे, असं मानलं जातं. याचा पुरावा प्रत्यारोपणात मिळतो: नव्याने बसवलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात आणि तिथे हे चढउतार जवळजवळ नाहीसे होतात.

हे फरक मोजायची एक रूढ रीत म्हणजे आरएमएसएसडी. लागोपाठच्या दोन अंतरांतला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची सरासरी घ्यायची आणि तिचं वर्गमूळ. गणित शाळेतलं आहे, पण त्यातला ‘वर्ग’ फार खोडकर आहे. समजा, पाच मिनिटांत सुमारे ३०० ठोके पडले आणि खरा आरएमएसएसडी ३० मिलिसेकंद आहे. हात हलला आणि ठोके मोजणाऱ्या मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाकडून मधला एकच ठोका निसटला. आता एका ठिकाणी १००० ऐवजी २००० मिलिसेकंदांचं अंतर दिसतं, म्हणजे हजार-हजारचे दोन फरक, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज वीस लाख. पुन्हा हिशेब केला की उत्तर येतं ८७. तीनशेतला एक ठोका हुकला आणि आकडा जवळपास तिप्पट झाला! आकडा मोठा म्हणजे शरीर निवांत, या समजुतीने वापरणाऱ्याला वाटणार, आज काय झकास विश्रांती झाली.

म्हणूनच संशोधनात खरी मेहनत आकडा काढण्यात नसून त्याआधीच्या साफसफाईत असते. न जुळणारी अंतरं शोधायची, हृदयाने स्वतःच मध्येच घेतलेले अवेळी ठोके वेगळे काढायचे, रिकाम्या जागा अंदाजाने भरायच्या, आणि फारच भरायला लागल्या तर तो तुकडा टाकून द्यायचा. किती टाकलं हे शोधनिबंधात लिहिलेलं नसेल, तर मी तरी त्या निष्कर्षावर फार भिस्त ठेवणार नाही.

मनगटावरच्या घड्याळाची अडचण आणखी मुळाशी आहे. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संदेश टिपतो. त्यातलं टोक धारदार असतं, वेळ नेमकी पकडता येते. घड्याळ मात्र त्वचेत हिरवा प्रकाश सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून रक्ताची लाट ओळखतं. ती लाट मनगटापर्यंत पोचायला लागणारा वेळ दर ठोक्याला थोडा बदलतो. शिवाय लाटेचा माथा गोलसर. सेन्सर सेकंदाला २५ वेळाच बघत असेल, तर दोन नोंदींमध्येच ४० मिलिसेकंदांची फट पडते. मोजायचा फरक तेवढाच असू शकतो. गणिताने ही फट बरीचशी बुजवता येते, पण हात स्थिर असेल तरच. म्हणून अनेक उपकरणं एचआरव्ही झोपेत मोजतात.

झोपेचा फायदा दुसराही आहे. उभं राहणं, जेवण, दारू, श्वासाचा वेग या सगळ्यांनी आकडा हलतो, आणि वयानुसार तो उतरतच जातो. अभ्यासात म्हणूनच एका व्यक्तीची तुलना शक्यतो तिच्याच आधीच्या नोंदींशी करतात. शेजाऱ्याच्या घड्याळाशी करण्यात तर काहीच अर्थ नाही: अॅपलचं घड्याळ एसडीएनएन नावाचं माप देतं, ओरा अंगठी आरएमएसएसडी. दोन्ही मिलिसेकंदांतच, पण मापं वेगळी.

‘ताणाचा समतोल’ दाखवणाऱ्या आलेखांबद्दलही सावध राहिलेलं बरं. चढउतारांची मंद आणि जलद कंपनांत विभागणी करून त्यांचं गुणोत्तर म्हणजे व्हेगस आणि सिंपथेटिक या दोन मज्जासंस्थांमधला तोल, ही कल्पना बरीच वर्षं चालली. मंद कंपनांत व्हेगसचाही वाटा असतो, हे दाखवत जॉर्ज बिलमन यांनी २०१३ मध्ये तिच्यावर कडक टीका केली. तरी हे गुणोत्तर अजून छापलं जातंच.

आणि आकडा मोठा म्हणजे तब्येत उत्तम, हेही नेहमी खरं नसतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, ठोके वेडेवाकडे पडतात आणि आरएमएसएसडी भलताच वाढतो. अशा रुग्णांच्या नोंदी एचआरव्हीच्या अभ्यासातून वगळाव्या लागतात. पण नेमका हाच बेतालपणा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चार लाखांहून अधिक लोकांच्या अॅपल हार्ट स्टडीत उपयोगी पडला. तिथे घड्याळ शोधत होतं ते अनियमित ठोकेच. इशारा मिळालेले लोक अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. त्यांच्यापैकी काहींना घरी ईसीजीची चिकटपट्टी पाठवली गेली. ज्यांच्या पट्ट्या तपासण्याजोग्या परत आल्या, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांमध्ये फिब्रिलेशन सापडलं.